क्रूझवरून नेपल्समध्ये एक दिवस : सकाळी पाँपेई, दुपारी संग्रहालय

गलबत

भूमध्य समुद्रातल्या क्रूझबद्दल इथे बरंच लिहून झालंय. केबिन कोणती घ्यावी, विमा किती, जहाजावर शाकाहारी जेवणाची सोय कशी, सगळं सापडतं. जहाज धक्क्याला लागल्यावर हातात येणाऱ्या आठ-नऊ तासांचं काय करायचं, यावर मात्र फारसं काही नाही. म्हणून हा धागा एकाच बंदरापुरता काढतेय : नेपल्स, म्हणजे तिथल्या लोकांचं नापोली.

नेपल्सला उतरलं की मोह फार होतात. ज्याच्या इ.स. ७९ मधल्या उद्रेकात पाँपेई हे रोमन गाव गाडलं गेलं तो व्हेसुव्हियस ज्वालामुखी समोरच दिसत असतो. काप्रीच्या बोटी शेजारच्याच धक्क्यावरून सुटतात. जहाजावरच्या सहलींच्या यादीत पाँपेई आणि व्हेसुव्हियस, पाँपेई-सोरेंतो-अमाल्फी अशा जोड्या लावलेल्या असतात, आणि पैसे भरलेत तर जास्तीत जास्त पाहून घेऊ असं प्रत्येकालाच वाटतं. माझं मत ठाम आहे : पाँपेईला एकाच जागेची जोड द्यावी, नेपल्सच्या राष्ट्रीय पुराणवस्तू संग्रहालयाची. कारण पाँपेई दोन ठिकाणी विभागलं गेलंय. रस्ते, घरं, भट्ट्या, देवळं जागेवर आहेत. त्या घरांतून निघालेली चित्रं, मोझॅक, भांडी, दिवे, मूर्ती संग्रहालयात. १७४८ मध्ये तिथे खोदकाम सुरू झालं तेव्हा नेपल्सवर बुर्बों घराण्याचं राज्य होतं. जे चांगलं निघेल ते राजाच्या संग्रहात जात राहिलं आणि त्यातूनच पुढे हे संग्रहालय मोठं झालं. नुसतं पाँपेई पाहिलं तर रिकामी घरं पाहून परत येता, नुसतं संग्रहालय पाहिलं तर वस्तू दिसतात पण त्या कुठल्या कोनाड्यातल्या ते कळत नाही.

आधी जायचं कसं ते सांगते. जहाज स्तात्सियोने मारित्तिमा या धक्क्याला लागतं. बाहेर पडून रस्ता ओलांडला की समोर कास्तेल नुओव्हो हा बुरुजांचा किल्ला, आणि त्याला लागून म्युनिचिपियो हे मेट्रो स्टेशन. (हे स्टेशन खणताना खाली प्राचीन बंदर आणि रोमन काळातली जहाजं सापडली. म्हणजे आपलं जहाज जिथे लागतं त्याच्या जवळच दोन हजार वर्षांपूर्वीही जहाजंच लागत होती.) मेट्रोच्या लाइन १ ने गारिबाल्दी. तिथे खालच्या मजल्यावरून चिर्कुमव्हेसुव्हियाना ही लोकल सुटते. सोरेंतोकडे जाणारी गाडी पकडायची आणि 'पाँपेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी' या स्टेशनवर उतरायचं. साधारण ३५ ते ४० मिनिटं लागतात. पाँपेई नावाची आणखीही स्टेशनं आहेत, ती आधुनिक गावातली. पूर्ण नाव वाचूनच उतरा. पोर्ता मारिना हे प्रवेशद्वार स्टेशनपासून दोन मिनिटांवर आहे.

तिकीट आधीच ऑनलाइन काढा. नोव्हेंबर २०२४ पासून पाँपेईत दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, त्यामुळे ओळखपत्र जवळ हवं. पासपोर्ट जहाजाने ठेवून घेतला असेल तर त्याची रंगीत प्रत तरी हवीच. ३० × ३० × १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाँपेई आणि संग्रहालय दोन्हीकडे प्रवेश फुकट असतो, आणि त्या दिवशीची गर्दी अफाट असते.

आता खुद्द पाँपेई. गाव जवळजवळ ६६ हेक्टरांचं आहे आणि त्यातला एक तृतीयांश भाग अजून मातीखाली आहे. तीन तासांत सगळं बघायचा हट्ट धरू नका. मी सांगेन ते चार-पाच ठिकाणी निवांत थांबा. पहिले म्हणजे रस्तेच. मोठमोठ्या काळ्या दगडी फरशा, त्यांत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या, आणि रस्ता ओलांडायला मध्ये बसवलेले उंच दगड. पावसाचं आणि सांडपाण्याचं पाणी रस्त्यावरून वाहायचं, माणसं दगडांवरून जायची, गाडीची चाकं दगडांच्या फटींतून. दुसरी भट्टी. लाव्हाच्या दगडाची कमरेएवढी जाती ओळीने उभी आहेत. उसाच्या जुन्या चरकाला बैल फिरायचा तसं गाढव किंवा गुलाम त्यांना फिरत असे. मागे पाव भाजायची भट्टी, आपल्या गावातल्या कुठल्याही बेकरीवाल्याला ओळखू येईल अशी. ही जागा नीट लक्षात ठेवा, दुपारी उपयोगी पडेल.

तिसरी म्हणजे रस्त्यावरची खानावळ, थर्मोपोलियम. दगडी ओट्यात मोठे रांजण बसवलेले, त्यातून शिजवलेलं अन्न वाढायचे. पाचव्या विभागातल्या खानावळीच्या ओट्यावर बदकं आणि कोंबडा रंगवलेला आहे आणि रंग अजून ताजे आहेत. २०२१ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. चौथं व्हेत्तींचं घर. जानेवारी २०२३ मध्ये बऱ्याच वर्षांनी उघडलं. मालक दोन मुक्त झालेले गुलाम, त्यांनी व्यापारात मिळवलेला पैसा भिंतीभिंतीवर दिसतो.

आणि माणसं. राखेत गाडलेल्या देहांच्या जागी पोकळ्या राहिल्या होत्या. १८६३ मध्ये जुझेप्पे फियोरेल्ली या पुरातत्त्वज्ञाने त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतायची पद्धत काढली, आणि त्यातून शेवटच्या क्षणीचे आकार जसेच्या तसे निघाले. कुणी तोंडावर हात घेतलाय, कुणी गुडघे पोटाशी. तिथे कृपया सेल्फी काढू नका. ती खरीच माणसं आहेत, प्लास्टरच्या आत त्यांची हाडं आहेत.

साडेबाराला पाँपेईतून निघा. गारिबाल्दीला येऊन लाइन १ ने थेट 'म्युझेओ' स्टेशन. वाटेत म्युनिचिपियो लागतंच, त्यामुळे परतीचा रस्ता आपोआप पाठ होतो. संग्रहालयात आता सकाळच्या जागा भेटायला लागतात. भट्टी पाहिली होती ना? इथे काचेआड तो पाव आहे, कोळसा झालेला, वर आठ भाग पाडलेला. पाँपेईतल्या ज्या मोठ्या घराच्या अंगणात नाचणाऱ्या फॉनची, म्हणजे रोमन रानदेवाची, प्रतिकृती आहे, त्याची मूळ मूर्ती इथे. त्याच घरातलं अलेक्झांडर आणि दरायसच्या लढाईचं प्रचंड मोझॅकही इथलंच, मात्र त्याच्या दुरुस्तीचं काम अलीकडे हाती घेतलंय, तेव्हा दिसेल का ते आधी विचारून घ्या.

शेवटी जिच्यासाठी हा सगळा धागा काढला ती भारतीय मूर्ती. गॅबिनेत्तो सेग्रेतो, म्हणजे गुप्त दालन. पाँपेईतली शृंगारिक चित्रं आणि मूर्ती इथे ठेवल्या आहेत, एकेकाळी बंद असायचं, २००० सालापासून सर्वांना खुलं आहे. लहान मुलं बरोबर असतील तर हे माहीत असू द्या. मी पाहिली तेव्हा तिथे एका काचेच्या पेटीत हस्तिदंताची वीतभर उंचीची स्त्रीमूर्ती होती. गळ्यात भरघोस हार, हातांत कोपरापर्यंत बांगड्या, पायांत जाड वाळे, कमरेला मेखला, पाठीवर वेणीचा गुंफलेला शेपटा, दोन बाजूंना प्रसाधनाचं सामान घेतलेल्या दोन छोट्या दासी. १९३८ मध्ये आमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञांना ती पाँपेईतल्या एका घरात सापडली. ते घर आता 'भारतीय मूर्तीचं घर' म्हणूनच ओळखतात. इ.स. ७९ च्या आधी भारतातून निघालेली ही बाई नेपल्सच्या आखातात पोचली होती. नेपल्सला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने तिला भेटावं असं मला मनापासून वाटतं. का, ते या विषयातल्या जाणकारांनी सांगितलं तर जास्त चांगलं.

चारला निघालं की सव्वाचार-साडेचारला धक्क्यावर. विचारा काय विचारायचं ते.

शुभदा_कु

ताई, फार उपयोगी धागा. आम्ही सप्टेंबरात जातोय, बरोबर सासू-सासरे, दोघेही पंच्याहत्तरीच्या पुढचे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या दगडी रस्त्यांचं वर्णन वाचून धसका घेतलाय. त्यांना जहाजावरच ठेवावं का?

गलबत

शुभदा, अजिबात ठेवू नकोस. दोन पर्याय आहेत. एक, पाँपेईतच 'पोंपेई पेर तुत्ती' म्हणजे 'सर्वांसाठी पाँपेई' नावाची वाट केली आहे. व्हीलचेअरसुद्धा जाईल अशी सपाट, तीन किलोमीटरहून लांब. ती पियात्सा आन्फितेआत्रो या दुसऱ्या दाराने सुरू होते, तेव्हा लोकलऐवजी टॅक्सी ठरवून थेट त्या दाराशी उतरा. दोन, पाँपेई सोडून हर्क्युलेनियम, त्याच उद्रेकात गाडलं गेलेलं दुसरं गाव. जागा लहान, दोन तासांत होते.

निळी_छत्री

हर्क्युलेनियमला माझं जोरदार अनुमोदन, आणि गुडघ्यांच्या कारणाशिवायसुद्धा. पाँपेईवर राख आणि खडे पडले, छपरं कोसळली. हर्क्युलेनियम तप्त वायू आणि राखेच्या लोटाखाली गेलं आणि सुमारे वीस मीटर खोल गाडलं गेलं. त्यामुळे तिथे लाकूड टिकलंय. कोळसा झालेलं, पण टिकलंय : दारं, सरकते पडदे, पलंग, माळ्याच्या तुळया. दुमजली घरं उभी आहेत. आणि खाली जुन्या किनाऱ्यावरच्या नौकाघरांत सुमारे तीनशे लोकांचे सांगाडे सापडले, समुद्रमार्गे सुटका होईल या आशेने येऊन थांबलेले. ते पाहिल्यावर मला बराच वेळ बोलता आलं नाही.

त्याच लोकलवर 'एर्कोलानो स्कावी' स्टेशन आहे, गारिबाल्दीपासून वीसेक मिनिटं. स्टेशनातून समुद्राकडे सरळ उतार, दहा मिनिटं. येताना तोच चढ आहे, म्हणून ज्येष्ठांसाठी वर यायला टॅक्सी बघा.

गर्दीबद्दल : या लोकलमध्ये उन्हाळ्यात उभं राहायलाही जागा नसते आणि पाकीटमार असतात. पैसे, फोन आतल्या खिशात. मोसमात कांपानिया एक्स्प्रेस नावाची राखीव जागांची गाडी त्याच रुळांवर धावते. तिकीट जास्त आहे, पण म्हाताऱ्या माणसांबरोबर तीच घ्यावी.

सांगलीकर_म्युनिक

माझं मत वेगळं आहे आणि थोडं आग्रहाने मांडतो. नेपल्सला उतरणारा जो तो पाँपेईला पळतो, आणि ज्या शहराच्या पोटात जहाज उभं आहे ते कुणी बघतच नाही. नेपल्सचं जुनं शहर १९९५ पासून जागतिक वारसा आहे. ग्रीकांनी आखलेल्या सरळ गल्ल्या आजही तशाच वापरात आहेत. स्पाक्कानापोली या लांबलचक गल्लीतून पायी निघा. सांता कियाराचं अंगण, रंगीत टाइल्सचे खांब आणि बाकडी. जवळच सान्सेव्हेरो चॅपेलमध्ये जुझेप्पे सान्मार्तिनोने १७५३ मध्ये घडवलेला झाकलेला ख्रिस्त आहे. देह आणि त्यावरचं झिरझिरीत वस्त्र एकाच संगमरवरातलं. कपाळावरची शीर वस्त्रातून दिसते. दगडात असं काही होऊ शकतं यावर डोळ्यांचा विश्वास बसत नाही. त्याचं तिकीट खूप आधी संपतं, पाँपेईच्याही आधी ते काढा.

पुढे पियो मोन्ते देल्ला मिझेरिकॉर्दिया या चर्चमध्ये काराव्हाज्जोचं दयेच्या सात कृत्यांचं चित्र, १६०७ चं, ज्या वेदीसाठी काढलं तिथेच टांगलेलं. मग जमिनीखालचं नेपल्स : ग्रीकांनी टफ हा ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड काढायला खणलेल्या खाणी, रोमन काळात तिथे पाण्याच्या टाक्या झाल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्बपासून वाचायला हजारो लोक तिथेच राहिले. भिंतींवर त्यांनी कोरलेल्या खुणा आहेत.

हे सगळं धक्क्यापासून चालत. लोकल नाही, उशिराची धास्ती नाही. पाँपेई मोठं आहे, मान्य. पण जिवंत शहर सोडून मेलेल्या शहराकडेच का जायचं?

गलबत

सांगलीकर दादा, दोन दिवस असते तर मी दुसरा दिवस असाच काढला असता. पण ज्याच्या आयुष्यात नेपल्सचा एकच दिवस येणार आहे त्याला मी पाँपेई चुकवायला नाही सांगणार. सान्सेव्हेरोबद्दल मात्र शंभर टक्के बरोबर.

तेरणाकाठ

गलबत ताई, त्या मूर्तीचा उल्लेख वाचला आणि राहवलं नाही. मी मूळची तेरची, धाराशिव जिल्ह्यातल्या. संत गोरोबाकाकांचं तेर म्हणून सगळ्यांना माहीत असतं. तेच तेर म्हणजे जुनं तगर.

पाँपेईची मूर्ती लक्ष्मी म्हणून प्रसिद्ध झाली, पण आता बहुतेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. डोक्यावरून आत खोल भोक आहे, त्यामुळे ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या छोट्या मेजाचा पाय. आणि तिच्याशी जवळचं साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती तेरला मिळाली. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही त्याच घडणीचा हस्तिदंती तुकडा निघाला. म्हणून ती सातवाहनांच्या दख्खनमध्ये घडली असावी असं मानणारा एक मोठा गट आहे. मथुरा किंवा वायव्येकडची असंही काहींचं म्हणणं आहे, कारण तिच्या तळाशी खरोष्ठी या वायव्येकडच्या लिपीतलं अक्षर आहे. माझ्या मते अक्षर वाटेतल्या व्यापाऱ्याचं किंवा जोडणाऱ्या कारागिराची खूण असू शकतं. दागिने बघा, वाळे बघा, ते आमच्या बाजूचे आहेत.

आणि मार्गाचा पुरावा तर लिखित आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात, ज्याला पेरिप्लस म्हणतात, लिहिलंय की बारिगाझापासून, म्हणजे भडोचपासून, दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरहून साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचला जायची. रस्ते नसलेल्या मुलखातून, असंही त्याने नोंदवलंय. तिथून मोसमी वाऱ्यावर तांबड्या समुद्रात, मग वाळवंटातून नाईल, अलेक्झांड्रिया, आणि शेवटी पुतेओली. ते पुतेओली म्हणजे आजचं पोत्सुओली, नेपल्सच्या आखातातच पलीकडच्या बाजूला आहे. जहाजाच्या डेकवरून तिकडची टेकाडं दिसतात.

गावच्या संग्रहालयात रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर शेतांतून, नदीकाठातून गोळा केलेल्या वस्तू आहेत. त्यात रोमन नाण्यांवरून ठसे घेतलेली मातीची पदकंसुद्धा. त्यांचं नाव त्या संग्रहालयाला दिलंय. शाळेत असताना आम्हाला तिथे नेत, पण या वस्तूंची नाती कुठपर्यंत जातात हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आज तुमच्यासारखी माणसं नेपल्सला जाऊन त्या बाईला शोधतात याचा मला फार आनंद आहे.

गलबत

तेरणाकाठ, तुमचा प्रतिसाद धाग्याच्या वरच डकवायला हवा. मनापासून आभार.

काळी_मैना

उलट्या दिशेचा पुरावा कोल्हापुरात आहे, कुणी विसरू नये म्हणून लिहिते. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात रोमन कांस्य वस्तू सापडल्या. त्यात पोसायडन या समुद्रदेवाची छोटी मूर्ती आहे. ती टाउन हॉलमधल्या संग्रहालयात. नेपल्सला आपली यक्षी, कोल्हापूरला त्यांचा समुद्रदेव. कोल्हापूरची माणसं टाउन हॉलच्या बागेत बसतात, पण आत जात नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आणखी एक दुवा : थोरला प्लिनी हा रोमन लेखक. भारताशी व्यापारात साम्राज्याचे दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) जातात अशी तक्रार त्याने लिहून ठेवली. हाच प्लिनी इ.स. ७९ मध्ये नेपल्सच्या आखातात मिसेनमच्या आरमाराचा प्रमुख होता. उद्रेक झाल्यावर जहाजं घेऊन लोकांना वाचवायला निघाला आणि स्ताबियेच्या किनाऱ्यावर मरण पावला. त्याच्या भाच्याने ते सारं इतिहासकार टॅसिटसला पत्रांतून कळवलं, म्हणून आपल्याला तपशील ठाऊक आहे. ज्या माणसाला आपल्या मिरीचा आणि मलमलीचा राग होता तो त्या मूर्तीपासून काही कोसांवर गेला.

सांगलीकर_म्युनिक

मैनाताई, तेरणाकाठ, आता माझं मत बदलायला लागलंय. संग्रहालय माझ्या पायी फेरीतही बसतं, सान्सेव्हेरोपासून पंधरा मिनिटं.

पाटणकर_वहिनी

खाण्याचं कुणीच लिहिलं नाही! आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. यांचे चुलतभाऊ जैन आहारवाले, तेही बरोबर येणार.

निळी_छत्री

वहिनी, नेपल्समध्ये उपाशी राहायची वेळ येणार नाही. पिझ्झा मारिनारा : टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. चीजच नाही. नावात समुद्र असला तरी नेपल्सच्या मारिनारात मासा नसतो. जैन मंडळींसाठी 'सेन्त्सा आल्यो' म्हणजे लसणाशिवाय सांगा. मार्गेरितात मोझ्झारेल्ला असतं, त्यातलं विरजण प्राणिज असू शकतं, चालत असेल तर घ्या. २०१७ मध्ये युनेस्कोने नापोलीच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला वारसा यादीत घेतली, आणि ती पीठ हवेत फिरवण्यापुरती नाही. ते पीठ किती तास मुरतं, भट्टी किती तापते, हे त्यांचं आयुष्याचं ज्ञान आहे. पिझ्झा नव्वद सेकंदांत भाजून निघतो, म्हणून तासाभराच्या सुट्टीतही बसतं.

आता सावध कुठे राहायचं. तारल्ली नावाचे खारे, मिरी-बदामाचे कडक कडे दुकानाबाहेर टांगलेले असतात, दिसायला निरागस. पारंपरिक पाककृतीत डुकराची चरबी असते. स्फोल्यातेल्ला या पापुद्र्यांच्या गोड पदार्थातही अनेक ठिकाणी तीच. बटाट्याच्या क्रोक्केमध्ये सलामीचे तुकडे असू शकतात. विचारायचं वाक्य पाठ करा : 'चे स्त्रुत्तो?' म्हणजे चरबी आहे का. नापोलीत तिला 'सुन्या'ही म्हणतात. लोक अगदी प्रेमाने खरं सांगतात. भाजीत फ्रियारियेल्ली ही किंचित कडू पालेभाजी लसूण-मिरचीवर परततात, मेथी आवडणाऱ्यांना नक्की आवडेल. सॉसेजशिवाय मागा.

पाँपेईत पिण्याच्या पाण्याचे नळ जागोजागी आहेत, रिकामी बाटली न्या. सावली मात्र जवळजवळ नाही. टोपी हवीच.

माणगावकर

वर महायुद्धाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. आमच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फन्ट्री. १० जुलै १९४४ रोजी इटलीतल्या वरच्या टायबर खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले असताना त्यांनी एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच स्नायपरच्या गोळीने गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. वय अवघं बावीस. त्यांची वेगळी समाधी नाही, नाव कासिनोच्या युद्धस्मारकावर कोरलेलं आहे. उंब्रियातल्या मोन्तोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं.

कासिनो नेपल्स आणि रोमच्या मध्ये आहे. क्रूझच्या एका दिवसात ते बसवता येईल का?

गलबत

माणगावकर दादा, हे वाचून गहिवरून आलं. खासगी गाडी ठरवली तर जाऊन येता येईल, पण मग दिवसभर दुसरं काही नाही, आणि महामार्गावर अडकलात तर जहाजाची धास्ती. क्रूझ रोमजवळ चिव्हितावेक्कियाला संपत असेल तर नंतर एक रात्र राहून रेल्वेने कासिनोला जा. तिथे घाईत जाऊ नये.

त्याच १९४४ चा मार्चही आठवला, कारण व्हेसुव्हियसचा शेवटचा उद्रेक तेव्हाच झाला. तळावर उभी असलेली मित्रराष्ट्रांची कित्येक विमानं राखेने निकामी झाली होती.

शुभदा_कु

जहाजाची सहल घ्यावी की स्वतः जावं? आणि व्हिसाचं काय, आमचं जहाज मध्ये ट्युनिसलाही थांबतं.

निळी_छत्री

व्हिसा आधी. शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत यायचं असेल, म्हणजे ट्युनिस किंवा तुर्कस्तान मध्ये असेल, तर मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसाच हवा. अर्जासोबत क्रूझचा पूर्ण मार्ग जोडा.

सहलीचं सांगते. जहाजाच्या अधिकृत सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपण स्वतः गेलो आणि उशीर झाला तर थांबत नाही. हा एक फरक सोडला तर स्वतः जाणं स्वस्त आणि निवांत. ज्येष्ठ बरोबर असतील, किंवा त्या दिवशी संप असेल, तर सहलच घ्या. इटलीत वाहतुकीचे संप, 'शोपेरो', आधी जाहीर होतात, आदल्या रात्री पाहून ठेवा. जहाजावर परत येण्याची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते, आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवायचं, फोनच्या नाही. रोज खोलीत येणाऱ्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो, त्याचा फोटो काढून घ्या.

चिंचेचं_झाड

सगळं वाचून काढलं. आम्ही बार्शीचे, पुढच्या मे महिन्यात जहाज बार्सिलोनाहून. गलबत ताईंचा बेत जसाच्या तसा करणार. सकाळी पाँपेई, दुपारी संग्रहालय, यक्षी. आमचा नेपल्सचा दिवस मंगळवार आहे.

गलबत

अहो, मंगळवारी संग्रहालय बंद असतं.

सांगलीकर_म्युनिक

सान्सेव्हेरोही मंगळवारी बंद.

चिंचेचं_झाड

अरेरे. तिकिटं काढायच्या आधी कळलं हे बरं. पण यक्षी हुकली. आता काय करावं?

निळी_छत्री

मग पाँपेई आणि हर्क्युलेनियम, दोन्ही एकाच लोकलवर. सकाळी पाँपेई, साडेबाराच्या गाडीने परतीच्या वाटेवर एर्कोलानोला उतरा, दोन तास. पाँपेईत पोर्ता मारिनाजवळ आंतिक्वारियुम हे छोटं संग्रहालय २०२१ मध्ये पुन्हा उघडलंय, तिथे उत्खननातल्या बऱ्याच वस्तू आहेत. संग्रहालयाची उणीव थोडी तरी भरून निघेल. दोन्ही जागांच्या वेळा निघायच्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या, मोसमाप्रमाणे बदलतात.

गलबत

हाच बेत चांगला. शिवाय व्हिया देल आब्बोंदांत्सा हा मोठा रस्ता चाला, यक्षीचं घर त्याच रस्त्याला लागून आहे. दार बंद असलं तरी बाहेरून बघून घ्या.

तेरणाकाठ

आणि बार्शीहून तेर किती लांब आहे? सकाळी निघालात तर जेवायच्या आत पोचाल. जायच्या आधीच एकदा लामतुरे संग्रहालयात जाऊन तिची बहीण बघून या. त्रिविक्रमाचं देऊळही बघा, मूळचं विटांचं चैत्यगृह आहे, गोरोबाकाकांच्या समाधीपासून जवळच. माझे काका गावातच असतात, त्यांना सांगून ठेवते. सुट्टीचा वार मात्र आधी फोन करून विचारा.

चिंचेचं_झाड

येत्या रविवारी निघतो. काकांचा नंबर व्यक्तिगत निरोपाने कळवा ताई. पाँपेईचं सकाळचं तिकीटही आजच बघतो.